भांडारातली दुसरी वही

पंपांचे सुटे भाग पुरवणाऱ्या आणि पंपांची दुरुस्ती करून देणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत भांडाराची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा तिथे सुमारे साडेतीन हजार प्रकारच्या वस्तू होत्या आणि त्या सगळ्यांचा हिशेब पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालत असे. प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेले असायचे आणि त्यावर तारीख, आवक, जावक, शिल्लक आणि सही एवढेच रकाने असायचे. पुढच्या पाच वर्षांत आम्ही एकामागून एक अशा दोन संगणक प्रणाली आणल्या. पहिली वर्षभरात मोडीत निघाली, दुसरी आजही चालू आहे. दोन्हींच्या माहितीपत्रकांत जवळजवळ सारख्याच सोयी छापलेल्या होत्या. तरीही एक निरुपयोगी का ठरली आणि दुसरी कामाला का आली, हे शोधताना जे दिसले ते लिहून ठेवणे मला महत्त्वाचे वाटते.

कार्डांची पद्धत वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवे. माल ज्या खणात आहे त्याच खणावर त्याचा हिशेब असल्यामुळे वस्तू काढणे आणि नोंद करणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून, एकाच जागी, एका दमात होत. अडचण दुसरीकडे होती. एखादे ऑइल सील संपत आले आहे हे त्या खणासमोर उभे राहिल्याशिवाय कुणालाच कळत नसे. दुरुस्ती विभागाला ग्राहकाला तारीख देण्यापूर्वी भांडारात माणूस पाठवावा लागे, आणि वर्षअखेरीच्या मोजदादीसाठी तीन दिवस सगळे काम बंद ठेवावे लागे. एकदा एका ग्राहकाचा पंप केवळ एका गास्केटसाठी नऊ दिवस उघडा पडून राहिला, आणि दहाव्या दिवशी तेच गास्केट आमच्याच भांडारात दुसऱ्या नावाने दुसऱ्या खणात सापडले. त्याच आठवड्यात संगणक प्रणाली घ्यायचे ठरले.

निवड बैठकीच्या खोलीत झाली. तीन विक्रेत्यांनी मोठ्या पडद्यावर आपापली उत्पादने दाखवली. खोलीत संचालक होते, लेखा विभागाचे प्रमुख होते, खरेदी अधिकारी होते आणि मी होते. भांडारात प्रत्यक्ष माल देणारे चौघे त्या वेळी खिडकीवर उभे राहून माल देत होते, आणि त्यांना बोलवावे असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही. पडद्यावर रंगीत आलेख होते, कोणत्या वस्तूत किती भांडवल अडकले आहे याची यादी एका क्लिकवर निघत होती, आणि ती पाहून आम्ही सगळेच प्रभावित झालो. प्रात्यक्षिकासाठी विक्रेत्याने स्वतः भरून आणलेल्या चाळीस वस्तूंची नावे सुटसुटीत होती आणि एकमेकींपासून अगदी वेगळी होती. आमच्या खऱ्या वस्तू घालून हे कसे दिसेल, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही.

पहिल्या आठवड्यातच त्रासाची चिन्हे दिसू लागली होती, पण मी तो सवयीचा प्रश्न समजले. माल देण्याच्या पडद्यावर सतरा रकाने होते आणि त्यांतले अकरा भरल्याशिवाय नोंद पुढे जात नसे. खर्चाचे केंद्र, कामाचा वर्ग, मंजुरीचा क्रमांक अशी ती माहिती वरच्या अहवालांसाठी लागत होती. खिडकीसमोर हातात मोडका भाग घेऊन उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला किंवा त्याला माल काढून देणाऱ्या माणसाला तिचा काहीही उपयोग नव्हता.

वस्तू निवडण्यासाठी जी यादी उघडत असे, तिच्यात नावाचा फक्त पुढचा भाग दिसत असे. बेअरिंगच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, तो थोडा उलगडून सांगते. ६२०५ या क्रमांकाच्या बेअरिंगचा आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असते, आणि इथपर्यंत सगळी ६२०५ सारखीच. फरक असतो तो क्रमांकाच्या पुढच्या अक्षरांत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना धातूची झाकणे, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आणि सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त, जी चालताना जास्त तापणाऱ्या यंत्रात लागते. यादीत मात्र ‘डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग ६२०५’ एवढे दिसून नाव तिथेच तुटत असे, आणि अशा पाच ओळी एकाखाली एक येत. घाईच्या वेळी माणूस त्यांतली पहिली ओळ निवडतो. त्यामुळे हिशेबात झेडझेड कमी होत गेली आणि खणातून २आरएस जात राहिली. महिन्याभरात दोन्ही आकडे खोटे झाले आणि एकाही आकड्यावरून दुसरा काढता येईना.

त्यात संगणक खिडकीपाशी एकच, आणि लोखंडी मांडण्यांच्या मागच्या रांगांपर्यंत वायफाय पोहोचत नसे. कार्डावरची नोंद पंधरा-वीस सेकंदांत होत असे, तर इथे दोन मिनिटे लागू लागली, आणि सकाळच्या गर्दीत दोन मिनिटे कुणाकडेच नसतात. साहजिकच माल चिठ्ठीवर दिला जाऊ लागला आणि चिठ्ठ्या संध्याकाळी बसून भरल्या जाऊ लागल्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी. मग शनिवारी. दुरुस्ती विभागाने ‘शिल्लक ६’ असे पडद्यावर पाहून ग्राहकाला शब्द द्यायचा आणि खणात एकही नग नसायचा, हे चार-पाच वेळा झाल्यावर त्या विभागाने पडद्याकडे पाहणेच सोडले आणि पुन्हा माणूस पाठवायला सुरुवात केली. मी सक्तीची परिपत्रके काढली, प्रशिक्षणाचे दोन वर्ग घेतले. आज मला त्या परिपत्रकांचा खेद वाटतो, कारण ज्यांना मी दोष देत होते ते कामात कसूर करत नव्हते.

आठव्या महिन्यात अचानक मोजदाद करायची वेळ आली आणि प्रणालीतला आकडा व खणातला माल यांचा मेळ जवळजवळ कुठेच बसेना. त्या संध्याकाळी आमचे सर्वांत ज्येष्ठ भांडारपाल माझ्या टेबलाशी आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी एक लांबट वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, रागावणार नसाल तर हिच्यावरून जुळवून बघा.” ती वही त्यांनी प्रणाली आल्यापासून दोन महिन्यांनी सुरू केली होती आणि खिडकीखालच्या खणात ठेवली होती. आम्ही तिच्यावरून शंभर वस्तू ताडून पाहिल्या, आणि सहा वगळता सगळ्या जुळल्या.

मी ती वही घरी नेली आणि दोन रात्री वाचत बसले. काकांच्या नोंदींत असे काही शब्द होते ज्यांना प्रणालीत जागाच नव्हती. ‘उसना’ म्हणजे बसवून पाहण्यासाठी दिलेला, न बसल्यास परत येणारा भाग. प्रणालीत वस्तू एकतर आत होती किंवा बाहेर होती, मधली अवस्था नव्हती. ‘ऐवजी’ म्हणजे मागितलेला भाग नसल्यामुळे चालण्यासारखा दुसरा दिला, आणि कोणत्या पंपाला तो चालतो याची खूण. ग्लँड पॅकिंगच्या, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती गळती रोखायला बसवायच्या दोराची गोष्ट तर आणखी वेगळी होती. तो आम्ही किलोवर विकत घेतो आणि मीटरवर कापून देतो. प्रणालीत मात्र त्याचे एकक ‘नग’ होते, आणि एक नग म्हणजे एक गुंडाळी. काकांच्या वहीत प्रत्येक जाडीच्या दोराचे किलोला किती मीटर भरतात हे मागच्या पानावर लिहिलेले होते. विक्रेत्याकडे, खरेदी विभागाकडे किंवा माझ्याकडे ते कधीच नव्हते. आमच्या धंद्याची खरी रीत त्या वहीत होती आणि आम्ही विकत आणलेल्या उत्पादनात दुसऱ्याच कुठल्यातरी धंद्याची रीत होती.

या काळात मी बरेच वाचले. संगणक क्षेत्रातले संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये एक निबंध सादर केला होता. अनेकांनी मिळून वापरायच्या प्रणाली का फसतात, याची कारणे त्यात मांडली आहेत. त्यांतले पहिलेच कारण असे की जास्तीचे काम एकाला पडते आणि फायदा दुसऱ्यालाच होतो. त्यांनी दिलेले उदाहरण बैठकीची वेळ आपोआप ठरवणाऱ्या सोयीचे आहे: बैठक बोलावणाऱ्याचे काम हलके होते, पण त्यासाठी बाकीच्या सगळ्यांनी आपापली दिनदर्शिका नेमाने भरत राहावी लागते. ते वाचताना मला आमच्या पडद्यावरचे अकरा रकाने डोळ्यांसमोर दिसत होते. भरायचे काकांनी, आणि आलेख पाहायचा संचालकांनी. त्या नोंदीतून काकांना परत काय मिळत होते, याचे उत्तर शोधूनही सापडले नाही. माझ्या मते व्यवसायासाठी घेतलेल्या कोणत्याही तंत्रज्ञानाला विचारण्याचा हा पहिला प्रश्न आहे, आणि तो आम्ही लाखभर कागद चाळूनही विचारला नव्हता.

पहिली प्रणाली बंद करण्याचा निर्णय संचालकांनी दोन बैठकांत मान्य केला, हे त्यांचे मोठेपण. दुसऱ्या वेळी मी एकच परवानगी मागितली: कोणत्याही विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी मला तीन आठवडे खिडकीच्या आतल्या बाजूला बसू द्यावे. व्यवसायासाठी संगणक वापरण्याचा इतिहास जिथून सुरू होतो, तिथेही हेच घडले होते. ब्रिटनमधल्या जे. लायन्स अँड कंपनीने चहाची दुकाने आणि बेकरी चालवता चालवता ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ मध्ये त्याच्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे नेहमीचे काम सुरू केले. संगणकाचा विचारही नव्हता तेव्हापासून त्या कंपनीत कारकुनी कामाचा बारकाईने अभ्यास करणारा विभाग होता, त्यामुळे यंत्राकडून नेमके काय करून घ्यायचे हे त्यांना आधीच ठाऊक होते. आमच्याकडे तसा विभाग नव्हता, म्हणून मी स्टुलावर बसून घड्याळ लावले.

त्या तीन आठवड्यांत पाहिलेले सगळे इथे मावणार नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. माल देताना सर्वांत जास्त वेळ शोधण्यात जात होता. त्यापुढे नोंदीचा वेळ किरकोळ होता. नवीन माणसाला एखादा इंपेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे फिरते चक्र, कोणत्या रांगेत आहे हे माहीत नसे, तो काकांना हाक मारी, काका हातातले काम सोडून उठत आणि त्यांच्यासमोरची रांग थांबे. एका दिवसात काकांना अशा किती हाका येतात ते मी मोजले, आणि आकडा ५७ निघाला. उत्पादनाने सोडवायचा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट दिसला. तो आलेखांचा नव्हता. वस्तू कुठल्या खणात आहे हे काकांना न उठवता कळावे, एवढाच तो होता. आणि हे ज्याला कळेल त्याच्याकडून नोंद आपोआप होईल, कारण वस्तू शोधण्यासाठी तिचे नाव त्याने टाकलेलेच असेल.

यावेळी विक्रेत्यांना बैठकीच्या खोलीत बोलावले नाही. मागच्या वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या १४३ चिठ्ठ्या आम्ही काढून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक विक्रेत्याला सांगितले की तुमचे उत्पादन आमच्या खिडकीवर मांडा, वस्तूंची आमचीच यादी भरा, आणि या चिठ्ठ्या आमची माणसे भरतील, तुम्ही फक्त पाहा. चिठ्ठ्यांमध्ये पाच प्रकारची ६२०५ होती, तीन ‘उसने’ होते, दोराचे साडेतीन मीटर होते आणि एका चिठ्ठीवरचे अक्षर लागत नव्हते. मध्येच आम्ही नेटवर्कची तार काढून ठेवत होतो आणि काम चालू राहते का ते पाहत होतो. शेवटी आमचा सगळा डेटा एका फाइलमध्ये, आमचा आम्हाला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून मागत होतो, कारण पहिल्या प्रणालीतून बाहेर पडताना आमच्याच नोंदी मिळवायला आम्हाला सात आठवडे लागले होते.

चौघांपैकी एका विक्रेत्याने या चाचणीला नकार दिला. दुसऱ्याचे उत्पादन तार काढताच थांबले. उरलेल्या दोहोंत काकांनी जे निवडले, त्यात आलेख अगदीच साधे होते आणि लेखा विभागाच्या प्रमुखांना ते मुळीच आवडले नाही. त्यांचा आक्षेप रास्त होता: महिनाअखेरीस त्यांना जे तक्ते लागतात ते या उत्पादनातून तयार निघणार नव्हते. बराच वाद झाला. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. नोंदी खऱ्या असतील तर तक्ता मी माझ्या हाताने करीन, असे ते म्हणाले, आणि पुढचे दीड वर्ष त्यांनी तो खरोखरच हाताने केला. आमच्या यशात त्यांचा हा वाटा मी कधीच विसरणार नाही.

नव्या पडद्यावर तीनच रकाने होते: वस्तू, नग किंवा मीटर, आणि दुरुस्तीच्या कामाचा क्रमांक. खर्चाचे केंद्र वगैरे बाकी सगळे कामाच्या क्रमांकावरून प्रणालीच भरून घेत असे, कारण ते काम नोंदवताना दुरुस्ती विभागाने ती माहिती एकदा दिलेलीच असते. वस्तूचे नाव टाकताच रांग, मांडणी आणि खण ठळक अक्षरांत दिसे, खाली शिल्लक, आणि शिल्लक शून्य असेल तर काकांच्या ‘ऐवजी’च्या नोंदींतून उचललेले पर्याय. ‘उसने’ दिलेल्या वस्तूंची यादी संध्याकाळी पाच वाजता आपोआप छापून निघे. ती यादी पहिल्यांदा हातात आली त्या दिवशी काका म्हणाले की इतकी वर्षे हे सगळे डोक्यात घेऊन मी घरी जात होतो.

उत्पादन निवडण्यापेक्षा कितीतरी मोठे काम त्यानंतर होते, आणि त्याबद्दल कोणतेही माहितीपत्रक बोलत नाही. वस्तूंची यादी साफ करायला आम्हाला अकरा आठवडे लागले. एकच गास्केट चार नावांनी चार ठिकाणी होते. जुनी यादी स्प्रेडशीटमध्ये होती आणि तिने स्वतःची भर घातली होती. ०४१२ अशा क्रमांकांतले सुरुवातीचे शून्य गायब होऊन ४१२ उरले होते, आणि ५-१२ अशा मापाच्या खुणेची तारीख झाली होती. एखाद्या नोंदीत मूळ माप ५-१२ होते की १२-५, हे त्या तारखेवरून सांगता येत नव्हते आणि प्रत्येक वेळी खणापाशी जाऊन कॅलिपर लावावे लागत होते. हा त्रास केवळ आमचाच नाही, हे नंतर कळले. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसणारी जनुकांची लघुनावे स्प्रेडशीटमध्ये तारखा होऊन जात असल्यामुळे २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. आम्ही क्रमांकांचा संपूर्ण स्तंभ मजकूर म्हणून ठेवायचा नियम केला आणि प्रत्येक वस्तूला नवा, पाच अंकी, अर्थ नसलेला क्रमांक दिला.

त्या पाच अंकांपुढे आम्ही तपासणीचा सहावा अंक जोडला, आणि एवढी छोटी गोष्ट किती उपयोगी पडते याचे मला आजही अप्रूप आहे. किरकोळ मालाच्या पाकिटांवर असलेल्या तेरा अंकी बारकोडमध्ये हीच रीत असते. अंकांना आळीपाळीने ३ आणि १ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती दहाच्या पटीत न्यायला जो अंक लागेल तो शेवटी लावायचा. ४८२१५ हा क्रमांक घेतला तर उजवीकडून १५, १, ६, ८ आणि १२, बेरीज ४२, म्हणून शेवटचा अंक ८, आणि पूर्ण क्रमांक ४८२१५८. घाईत कुणी ४८२५१८ टाकले तर बेरीज ३४ होते, शेवटचा अंक ६ यायला हवा होता, आणि पडदा तिथेच नोंद अडवतो. एका अंकाची कोणतीही चूक यात सापडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी, त्या दोन अंकांत नेमका पाचाचा फरक असल्याखेरीज, ते लपत नाही. चुकीची नोंद महिनाअखेरीस शोधण्याऐवजी ती करणाऱ्याला त्याच क्षणी, वस्तू हातात असताना कळते.

बारकोडची लेबले लावताना एक फटका बसला. पहिल्या खेपेला आम्ही उष्णतेने थेट काळा पडणारा कागद वापरला, कारण त्याला शाई किंवा रिबन लागत नाही. चार महिन्यांत भट्टीच्या बाजूच्या रांगेतली लेबले काळवंडली आणि तेलाचे हात लागलेल्या लेबलांवरच्या रेघा पुसट झाल्या. स्कॅनर वाचेना, माणसे पुन्हा हाताने क्रमांक टाकू लागली, आणि मला पहिल्या प्रणालीचे दिवस आठवून धास्ती वाटली. पण या वेळी तक्रार दुसऱ्याच दिवशी माझ्यापर्यंत आली, कारण स्कॅनर चालावा असे माणसांना स्वतःलाच वाटत होते. रिबनने छापलेली प्लॅस्टिकची लेबले लावायला दोन रविवार गेले.

पहिले तीन महिने कार्डे आणि प्रणाली दोन्ही चालू ठेवली. दर शुक्रवारी वीस वस्तू चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, मोजायच्या आणि फरक आला तर त्याच दिवशी कारण शोधायचे. सलग चार शुक्रवार एकही फरक आला नाही, तेव्हा काकांनी स्वतः पहिल्या रांगेतली कार्डे उतरवली.

एवढे झाल्यावरही फायदा लगेच दिसला नाही. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या लेखात विजेच्या मोटरचे उदाहरण दिले आहे. कारखान्यांत वाफेच्या इंजिनाजागी मोटर आली, तरी एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरवण्याची जुनी मांडणी बराच काळ तशीच राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन इमारतीची रचनाच बदलली, तेव्हा कुठे विजेचा खरा लाभ मिळाला, आणि त्याला चाळीस वर्षांच्या आसपास लागली. आमच्याकडेही मालाची मांडणी जुनीच होती: गास्केटच्या रांगेत गास्केट, बेअरिंगच्या रांगेत बेअरिंग. कोणत्या वस्तू एकाच कामासाठी एकत्र मागितल्या जातात हे सहा महिन्यांच्या नोंदींतून दिसू लागल्यावर आम्ही नेहमीच्या बारा पंपांचे बेअरिंग, सील, गास्केट आणि पॅकिंग शेजारशेजारच्या खणांत आणले. चालणे निम्म्याहून कमी झाले. उत्पादन तेच होते, पण त्याने दाखवलेल्या गोष्टीवरून आम्ही जागा बदलली तेव्हा खिडकीवरची रांग आटोक्यात आली.

खरेदीच्या बाबतीतही असेच झाले. पुरवठादाराच्या कागदावर एका बेअरिंगसाठी सात दिवस लिहिलेले असत. आमच्या आवकीच्या नोंदींनी प्रत्यक्षात बारा लागतात हे दाखवले. रोज सरासरी चार लागत असतील तर बारा दिवसांचे ४८, त्यावर अडीअडचणीसाठी २०, म्हणजे ६८ नग उरले की मागणी पाठवायची. हे गणित शाळकरी आहे, पण त्यातले ‘चार’ आणि ‘बारा’ हे आकडे खरे असल्याशिवाय ते करण्यात अर्थ नसतो, आणि ते खरे आकडे वर्षभर नीट नोंदी झाल्यावरच हाती आले. संचालकांना सुरुवातीला हवा असलेला भांडवलाचा तक्ताही आता निघतो, आणि त्यासाठी खिडकीवर कुणाला एक अक्षरही जास्तीचे भरावे लागत नाही.

सगळेच जमले असे नाही. वर्षातून दोन-तीनदाच लागणाऱ्या वस्तूंसाठी प्रणाली ज्या मागण्या सुचवते त्या आम्ही बंद ठेवल्या आहेत, कारण इतक्या विरळ नोंदींवरून काढलेली सरासरी दिशाभूल करते आणि जुन्या पंपांचा एखादा शाफ्ट ठेवायचा की नाही हे अजून काकाच ठरवतात. एकदा उत्पादन अद्ययावत करताना विक्रेत्याने ‘परत’चे बटण दुसऱ्या जागी नेले आणि आमच्या एका दिवसाच्या परतीच्या नोंदी जावकीत गेल्या. तेव्हापासून कोणताही बदल पंधरा दिवस आधी कळवायचा आणि आधी चाचणीच्या संगणकावर लावायचा, असे आम्ही करारात लिहून घेतले.

काकांची वही मात्र बंद झालेली नाही, आणि ती होऊ नये असे मलाच वाटते. तिच्यात आता ते फक्त प्रणालीत न मावणाऱ्या गोष्टी लिहितात, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघे ती घेऊन बसतो. या वेळच्या पानावर एकच ओळ होती: “रबरी सीलच्या पाकिटावरची तिमाही कुठे लिहायची?” रबर वापरले नाही तरी ठेवून ठेवून कडक होते, म्हणून उत्पादक पाकिटावर ते कोणत्या तिमाहीत तयार झाले ते छापतात, आणि जुने पाकीट आधी जायला हवे. आमच्या प्रणालीत वस्तू भांडारात कधी आली हे आहे, ती कधी तयार झाली हे नाही, आणि नंतर आलेले पाकीट आधी तयार झालेले असू शकते. विक्रेत्याने वेगवेगळ्या उत्पादकांच्या पाकिटांची छायाचित्रे मागितली आहेत, कारण प्रत्येक जण तिमाही वेगळ्या प्रकारे छापतो. काल दुपारी काकांनी दहा पाकिटे खिडकीवर ओळीने मांडली, मी छायाचित्रे काढली, आणि कोणत्या पाकिटावर ती खूण कुठे शोधायची ते त्यांनी प्रत्येकाखाली स्वतःच्या अक्षरात लिहून दिले.